क्लिप लावल्यानंतरची दोन मिनिटं: ऑपरेशन मायक्रोस्कोपमधल्या आयसीजी सोयीचं परीक्षण

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं जिथे होतात, त्या थिएटरातल्या मायक्रोस्कोपला इन्फ्रारेड कॅमेरा असायलाच हवा. इंडोसायनिन ग्रीन हा रंग, म्हणजे थिएटरच्या बोलीत आयसीजी, शिरेतून दिला की दोन मिनिटांच्या आत कुठली धमनी उघडी आहे नि कुठली बंद पडली ते समोर दिसतं. मात्र शेजारी मायक्रो-डॉपलर, म्हणजे धमनीतल्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारा बारीक प्रोब, नसेल तर ही सोय अर्धीच आहे. आणि रंगीत नकाशे काढणारं जादा सॉफ्टवेअर पहिल्याच खरेदीत घेण्याची घाई करू नये. हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नव्हे. झाइसचं इन्फ्रारेड ८०० काय किंवा लायकाचं एफएल८०० काय, दोन्ही एकाच तत्त्वावर चालतात, आणि पुढचं सगळं दोन्हींना सारखंच लागू पडतं.

गरज कुठे पडते? धमनीवरच्या फुग्याच्या, म्हणजे अॅन्युरिझमच्या मानेवर क्लिप बसली की लगेच दोन प्रश्न उभे राहतात. फुगा पूर्ण बंद झाला का? आणि क्लिपच्या पात्यात शेजारची एखादी बारीक फांदी तर अडकली नाही? पोस्टिरियर कम्युनिकेटिंग धमनीच्या फुग्यामागे लपलेली अँटिरियर कोरॉइडल धमनी ही याची सगळ्यात वाईट जागा. जाडी जेमतेम एक मिलिमीटर, पण ती दबली तर रुग्णाची अर्धी बाजू लुळी पडते. दुसऱ्या दिवशीच्या अँजिओग्राफीत हे कळून काही उपयोग नसतो. थिएटरातच अँजिओग्राफीचं यंत्र असलेली हायब्रिड ओटी हा यावरचा उत्तम उपाय, पण तिचा खर्च आणि जागा सगळ्यांना परवडत नाही. सत्तरी-पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे, आणि सीमेपलीकडून दोडामार्ग, सावंतवाडी, कारवारचे रुग्ण बांबोळी, पणजी, मडगावच्या दारात येतात. त्यांच्यासाठी मायक्रोस्कोपमध्येच बसवलेली ही तपासणी जास्त हाताशी येणारी आहे.

रंग तसा जुनाच. यकृत आणि हृदयाच्या तपासण्यांसाठी तो १९५० च्या दशकापासून वापरात आहे. मेंदूच्या ऑपरेशनात मायक्रोस्कोपखाली तो वापरण्याची पद्धत न्यूरोसर्जन आंद्रेआस राबे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडली. रक्तात गेलेला आयसीजी प्रथिनांना चिकटून राहतो, त्यामुळे वाहिनीतून बाहेर झिरपत नाही. सुमारे ८०५ नॅनोमीटरचा प्रकाश तो शोषतो आणि ८३५ च्या आसपास परत फेकतो. डोळ्याला यातलं काही दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. कुपीत गर्द हिरवा असलेला हा रंग पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा उजळतो. नव्या निवासी डॉक्टरांना हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर ते हिरव्याची वाट बघत बसतात आणि धमनीचा टप्पा हातचा जातो. रक्तातला निम्मा रंग ३ ते ४ मिनिटांत उतरतो. तो यकृतातून पित्तावाटे जातो, मूत्रपिंडाचा संबंध नाही. क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णाला नेहमीच्या अँजिओग्राफीचं औषध द्यायला हात कचरतो. इथे ती अडचण नाही.

आता प्रत्यक्ष कृती. निम्म्याहून अधिक खराब चित्रं तयारीतच बिघडलेली असतात, म्हणून इथे थोडं सविस्तर.

२५ मिलिग्रॅमची कुपी ५ मिली स्टराइल वॉटरमध्ये विरघळवायची, म्हणजे दर मिलीत ५ मिलिग्रॅम होतात. सलाइन चालत नाही. सलाइनमध्ये पावडर नीट विरघळत नाही, कण राहतात. घाईत सिस्टरच्या हाताला ट्रेमधलं सलाइनच आधी लागतं, म्हणून पाण्याची अँप्युल कुपीला चिकटपट्टीने बांधूनच ठेवावी. द्रावण स्वच्छ दिसलं पाहिजे, गढूळ असेल तर टाकून द्यावं. एकदा कालवलेलं ६ तासांत संपवायचं आणि तोवर उजेडापासून झाकून ठेवायचं. मात्रा दर किलोला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला १२ ते ३० मिलिग्रॅम होतात. दिवसभरातली एकूण मर्यादा दर किलोला ५ मिलिग्रॅम, तिच्या जवळपासही जायची वेळ सहसा येत नाही. पावडरमध्ये सोडियम आयोडाइड असतं. आयोडीनयुक्त औषधाची पूर्वी कधी रिअॅक्शन आली होती का, हे भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशीच विचारून घ्यावं. रिअॅक्शन क्वचित येते, पण आली तर रक्तदाब धाडकन कोसळतो. अॅड्रेनालीन भरून हाताशी असू द्यावं.

मायक्रोस्कोपचं अंतर शक्यतो ३०० मिलिमीटरच्या आत ठेवावं, झूम मध्यम. मायक्रोस्कोपचं डोकं लांब नेलं की प्रकाश पसरतो आणि खोलातल्या वाहिन्या फिक्या पडतात. ओटीचे छताचे दिवे बंद. हॅलोजन असतील तर हा नियम मोडूच नये, कारण त्यांच्यातून इन्फ्रारेड भरपूर येतं आणि चित्र धुरकट होतं. ऑपरेशनची जागा दाखवणाऱ्या नेव्हिगेशन यंत्राचा कॅमेराही इन्फ्रारेडच फेकतो, तो दुसरीकडे वळवावा. जखमेतलं रक्त शोषून घ्यावं, कापसाच्या पॅटी काढाव्यात, पाहायची आहे ती धमनी उघडी करावी. यात सर्जन जितका कंटाळा करील तितकं चित्र खोटं बोलेल. कापसाच्या एका पॅटीखाली किंवा गोठलेल्या रक्ताच्या पापुद्र्याखाली काय आहे, ते हा कॅमेरा सांगू शकत नाही.

रेकॉर्डिंग आधी सुरू, रंग नंतर. उलट क्रम झाला की पहिले दोन-तीन सेकंद हुकतात, आणि नेमके तेच कामाचे असतात. सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतली नळी, असेल तर तीच वापरावी, नसेल तर कोपराजवळची मोठी शीर. रंग एका दमात द्यावा आणि लगेच मागून १० मिली सलाइन जोराने. हातातून दिला तर साधारण २० ते ४० सेकंदांत पडदा उजळू लागतो: आधी धमन्या, मग मेंदूच्या पृष्ठभागावर पसरलेली धूसर झाक, शेवटी शिरा. रंग थेंब-थेंब गेला तर हे तिन्ही टप्पे एकमेकांत मिसळतात आणि हाती काही लागत नाही. देताना भूलतज्ज्ञांनी 'रंग गेला' असं मोठ्याने सांगावं, घड्याळ तिथून मोजायचं. दिल्यावर पल्स ऑक्सिमीटरचा आकडा थोडा वेळ खाली येतो. रंग प्रकाश शोषतो म्हणून यंत्राची फसगत होते, रुग्णाचा ऑक्सिजन घटलेला नसतो. कपाळावर सेरेब्रल ऑक्सिमीटर लावला असेल तर त्याच्या आकड्यावरही तेवढी काही मिनिटं विसंबू नये.

एवढं जमलं की यंत्र खरोखर सुरेख काम करतं. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक फांद्याही स्पष्ट उमटतात. राबे यांच्याच गटाने २००५ मध्ये छापलेल्या पाहणीत हे चित्र आणि नेहमीची अँजिओग्राफी सुमारे ९० टक्के वेळा जुळली, आणि ९ टक्के रुग्णांत सर्जनला महत्त्वाची माहिती मिळाली. क्लिप हलवावी लागली ती बहुतेक याच रुग्णांत. एव्हीएममध्ये, म्हणजे धमन्या-शिरांच्या जन्मजात गुंत्यात, शीर धमनीबरोबरच उजळते. पुरवठा करणाऱ्या फांद्या एकेक करून बंद करत गेल्यावर तीच शीर उशिरा उजळू लागली की काम मार्गी लागलं समजायचं. मेनिंजिओमाच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणातल्या गाठीच्या ऑपरेशनात एखादी शीर कापावी की राखावी असा पेच पडला, तर तिला तात्पुरती क्लिप लावून रंग द्यावा. रक्त दुसऱ्या वाटेने निघून जातंय की जागीच तुंबतंय, ते दिसतं. हा उपयोग आपल्याकडे फारसा होत नाही, तो व्हायला हवा.

आता उणिवा. पहिली ही की कॅमेरा जे पाहतो तेवढंच दाखवतो. फुग्याच्या मागच्या बाजूला मानेचा तुकडा राहिला असेल तर तो दिसत नाही. चुन्याने कडक झालेली जाड भिंत असेल किंवा फुग्यात गुठळी भरलेली असेल, तर आत रक्त फिरत असूनही पडदा काळाच राहतो आणि सर्जन निर्धास्त होतो. मोठ्या, जुन्या फुग्यांत म्हणूनच नुसत्या आयसीजीवर विसंबू नये. बाकीच्या वाहिन्यांना धोका नसेल तर फुग्याच्या घुमटात सुई घालून खात्री करून घेणं अधिक शहाणपणाचं. दुसरी उणीव वेळेची. एकदा दिलेला रंग पुरता उतरायला १० ते २० मिनिटं जातात. क्लिप हलवून लगेच पुन्हा पाहायचं म्हटलं तर मागची चमक आड येते. पहिल्या वेळी अख्खी कुपी रिकामी केली तर ही वाट आणखी लांबते. क्लिप दोनदा-तीनदा बसवावी लागेल असं आधीपासून वाटत असेल, तर ५ ते १२.५ मिलिग्रॅमच्या छोट्या मात्रा वाटून ठेवाव्यात.

तिसरी उणीव पटकन ध्यानात येत नाही. आमच्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. वाहिनी उजळली म्हणजे रक्त पोचलं, एवढंच कळतं. किती पोचलं ते कळत नाही. कुळागराच्या पाटात पाणी चमकताना दिसलं म्हणून शेवटच्या पोफळीच्या मुळाशी पुरेसं पोचलं असं कुणी म्हणणार नाही. निम्मी दबलेली धमनीही आयसीजीत चांगली पांढरी दिसते. मेंदूला दर १०० ग्रॅममागे मिनिटाला साधारण ५० मिली रक्त लागतं. ते २० च्या खाली गेलं की पेशींचं काम थांबतं, १० च्या खाली गेलं की पेशी मरू लागतात. हे आकडे पडद्यावरच्या पांढऱ्या रंगात कुठेच नसतात.

ही फट भरून काढण्यासाठीच कंपन्या रंगीत नकाशाचं सॉफ्टवेअर विकतात. झाइसचं फ्लो ८०० सगळ्यांच्या परिचयाचं. रंग आधी पोचलेली जागा लाल, उशिरा पोचलेली निळी, आणि हव्या त्या ठिकाणी बोट ठेवलं की चमक वाढत जाण्याचा आलेख निघतो. एव्हीएममध्ये पुरवठा करणारी वाहिनी आणि वाहून नेणारी शीर वेगळी ओळखायला याचा छान उपयोग होतो, तिथे आम्ही पूर्ण गुण देतो. पण हे आकडे मिलीत नसतात, ते यंत्राच्या स्वतःच्या मापात असतात. क्लिपच्या आधीचा आणि नंतरचा आलेख शेजारी ठेवायचा, तर अंतर, झूम, कोन, मात्रा आणि रक्तदाब पाचही तेच हवेत. रक्तातला कार्बन डायऑक्साइडही तितकाच हवा. तो १ मिमी पाऱ्याने बदलला तरी मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे ३ टक्क्यांनी हलतो. चालू ऑपरेशनात मायक्रोस्कोप तसूभरही न हलवणं कुणाला जमतं? शिवाय मात्रा मोठी झाली तर कॅमेरा भरून जातो, आलेखाचं शिखर सपाट होतं आणि उताराचा हिशेब चुकतो. रंगीत चित्र पाहून सभागृहात माना डोलतात, पण क्लिप हलवायची की नाही हा निर्णय त्या चित्रावर घेऊ नये.

तो निर्णय मायक्रो-डॉपलरवर घ्यावा. १६ किंवा २० मेगाहर्ट्झचा, टोकाला जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा प्रोब असतो. तो धमनीवर ३० ते ६० अंशांत टेकवायचा, मध्ये सलाइनचा थेंब. धमनी दाबायची नाही, कारण दाबलं की प्रोबनेच अडथळा तयार होतो आणि क्लिपला नाहक दोष लागतो. क्लिपच्या आधी प्रत्येक फांदीचा आवाज ऐकून ठेवावा. नंतर तोच आवाज उंच आणि खरखरीत झाला तर तिथे वाहिनी अरुंद झाली आहे. आवाजच नसेल तर क्लिप काढावी, विचार नंतर करावा. रंगासाठी थांबायला नको, हवं तितक्या वेळा ऐकता येतं. किमतीच्या मानाने इतकं काम देणारं दुसरं साधन न्यूरो ओटीत आम्हाला माहीत नाही.

मिलीतलाच आकडा हवा असेल तर ट्रान्झिट-टाइम अल्ट्रासाउंडचा फ्लो प्रोब लागतो. शिकागोचे न्यूरोसर्जन फादी शारबेल यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याचं हुकासारखं टोक धमनीभोवती अडकवायचं, धमनी ताणायची नाही, आसपास सलाइन भरून हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि आकडा स्थिर होईपर्यंत हात स्थिर. क्लिपच्या आधी मोजलेल्या प्रवाहात पाव हिश्श्याहून जास्त घट आली तर क्लिप पुन्हा पाहावी. मेंदूच्या बायपासमध्ये, म्हणजे कवटीबाहेरची धमनी मेंदूतल्या धमनीला जोडताना, तर याला पर्यायच नाही. कानशिलावरची धमनी कापून मोकळी सोडल्यावर तिच्यातून मिनिटाला किती मिली येतात ते आधी मोजायचं, जोडल्यावर किती जातात ते नंतर. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागल्यावर ०.५ पेक्षा जास्त आलं तर बायपास टिकण्याची आशा चांगली. उणीव जागेची. खोल, अरुंद वाटेत ते टोक शिरत नाही, आणि बारीक फांद्यांभोवती अडकवताना त्या फाटण्याची भीती असते.

लेझर स्पेकलबद्दल विक्रेते हल्ली आवर्जून बोलतात, म्हणून तेही सांगतो. फर्चर आणि ब्रायर्स यांनी १९८१ मध्ये मांडलेलं हे तंत्र. लेझरच्या उजेडात पृष्ठभागावर दाणेदार नक्षी दिसते, रक्तपेशी हलतात तशी ती पुसट होते, आणि जितकी पुसट तितका प्रवाह जास्त. रंग टोचावा लागत नाही, चित्र सतत चालू राहतं, तात्पुरती क्लिप लावल्याक्षणी मेंदूचा कुठला भाग कोरडा पडतोय ते दिसतं. मनगटाजवळच्या मीडियन नर्व्हला विजेचे हलके ठोके दिले की हाताच्या संवेदना घेणाऱ्या भागाचा प्रवाह किंचित वाढतो, आणि तो वाढलेला डाग नकाशावर पकडता येतो. ऑपरेशनाआधीच्या फंक्शनल एमआरआयचं तत्त्वही रक्तप्रवाहाच्या याच वाढीवर उभं आहे. फरक असा की कवटी उघडून ड्युरा, म्हणजे मेंदूचं जाड आवरण, कापल्यावर मेंदू खाली बसतो, आणि आदल्या दिवशीच्या एमआरआयवरचा हाताचा भाग जागेवरून सरकलेला असतो. स्पेकल मात्र आत्ताचा मेंदू दाखवतं. यात खरी ताकद आहे. पण खोली मिलिमीटरभरसुद्धा नाही, त्यामुळे मेंदूच्या बाजूच्या खोल सिल्व्हियन फटीच्या तळाशी त्याचा काही उपयोग नाही. मेंदू नाडीबरोबर आणि श्वासाबरोबर हलतो, ती हालचालही यंत्राला प्रवाहच वाटते. इसीजीशी जोडून सरासरी काढल्याशिवाय आकडे नाचत राहतात. बायपास आणि जागेपणी होणारी ऑपरेशनं नियमित असतील तिथेच ते घ्यावं.

गोव्यातल्या हवेबद्दल वेगळं लिहिणं भाग आहे. जून ते सप्टेंबर रात्री एसी बंद करून मायक्रोस्कोप ओटीबाहेरच्या बोळात ढकलला जातो. गार ओटीतून दमट बोळात गेल्यावर गार भिंगांवर दव धरतं, आणि दोन पावसाळ्यांत भिंगाच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक बुरशी दिसू लागते. साध्या उजेडात ती खपून जाते. इन्फ्रारेडमध्ये मात्र सगळ्या चित्रावर पांढरट पडदा येतो, आणि दोष रंगाच्या बॅचला दिला जातो. उपाय साधा आहे: यंत्र ओटीतच ठेवावं, डीह्युमिडिफायर रात्रभर चालू, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत. झेनॉन दिव्याचे तास दर महिन्याला वहीत लिहावेत. म्हातारा दिवा शस्त्रक्रियेपुरता उजेड देतो, आयसीजीच्या वेळी मात्र उणा पडतो. मान्सूनपूर्व गडगडाटात वीज जाते-येते, म्हणून मायक्रोस्कोपला स्वतंत्र ऑनलाइन यूपीएस हवा. स्टराइल ड्रेपच्या पुढच्या काचेवर रक्ताचा एक सुकलेला शिंतोडा असला तरी नेमक्या तेवढ्याच जागी काळा डाग उमटतो आणि तिथली वाहिनी बंद असल्याचा भास होतो. रंग देण्याआधी ती काच पुसावी किंवा बदलावी.

खरेदीच्या वेळी निविदेत काही गोष्टी शब्दांत लिहून घ्याव्यात, तोंडी आश्वासन चालणार नाही. इन्फ्रारेड मॉड्यूल मूळ किमतीत आहे की वेगळं विकलं जातं? सॉफ्टवेअरचा परवाना कायमचा आहे की वर्षावर? चित्रफीत पेनड्राइव्हवर आणि पॅक्सवर, म्हणजे रुग्णालयाच्या संगणकीय चित्रसंग्रहात, जाते का? सीएमसीत, म्हणजे सर्वसमावेशक देखभाल करारात, दिवा आणि कॅमेरा धरले आहेत का? इंजिनीअर मुंबई-बेंगळुरूहून येणार असेल तर किती तासांत, आणि न आल्यास दंड किती? रंगाच्या कुप्या नेत्रविभागालाही लागतात, पोटाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनांतही लागू लागल्या आहेत. तिन्ही विभागांनी एकत्र मागणी नोंदवली तर कुप्या मुदतीआधी वापरल्या जातात, आणि ऐन वेळी कपाट रिकामं सापडत नाही. डेमो मात्र कंपनीने आणलेल्या चित्रफितीवर मान्य करू नये. तो आपल्या ओटीत, आपल्या दिव्यांखाली, आपल्याच भूलतज्ज्ञांनी रंग देऊन व्हावा, आणि त्याच बैठकीत कमी मात्रेत, म्हणजे ५ मिलिग्रॅममध्ये, चित्र कसं येतं तेही पाहून घ्यावं.